काढून घेतलेला चाओ

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, रंग नाही, वजन नाही. मी एक शब्द आहे. एका श्वासात सुरू होतो आणि त्याच श्वासात संपतो. माझं नाव चाओ. उच्चार करताना चहातला च घ्या, चाकातला घेऊ नका. माझा अर्धा जन्म चुकीच्या उच्चारांतच गेला आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मी दिसायला उनाड आहे. कॉलेजच्या मुलांच्या तोंडी असतो, आइस्क्रीमच्या दुकानांच्या पाट्यांवर असतो. त्यामुळे लोकांना वाटतं, हा काल-परवाचा पोरगा असणार. पण तसं नाही. माझी मुळं हजार वर्षांच्याही मागे जातात आणि ती काही फारशी अभिमानाची नाहीत.

आड्रियाटिक समुद्राच्या पूर्वेला स्लाव्ह लोक राहत. हे नाव त्यांनीच स्वतःला दिलेलं. त्याचा अर्थ 'ज्यांना शब्द येतो ते' असा होता, असं काही जाणकार म्हणतात, आणि दुसरे जाणकार ते साफ खोडून काढतात. मी तेव्हा नव्हतो, त्यामुळे मी कुणाचीच बाजू घेत नाही. पुढे या लोकांना पकडून बाजारांत विकलं जाऊ लागलं. एक-दोघांना नाही, पिढ्यान् पिढ्या. इतकं, की त्यांचं नाव हाच 'गुलाम' या अर्थाचा शब्द होऊन बसला. इंग्रजांच्या भाषेत, फ्रेंचांच्या, जर्मनांच्या, स्पॅनिशांच्या, सगळीकडे. तुम्ही युरोपातल्या कुठल्याही मोठ्या भाषेत गुलामाला हाक मारा, बहुतेक वेळा माझ्या आजोबांचंच नाव तोंडातून निघेल. मी यावर रडत बसत नाही. जी विकली गेली ती माणसं होती, आम्ही फक्त त्यांचं नाव होतो. पण जे झालं ते झालं, ते लपवूनही ठेवत नाही.

व्हेनिसमध्ये माझ्या वडिलांचे दिवस पालटले. त्यांचं नाव स्चावो. तिथले सभ्य लोक पुलावर एकमेकांना भेटले की किंचित वाकून म्हणायचे, 'आपला स्चावो', म्हणजे आपला गुलाम. म्हणणाऱ्याच्या घरी स्वतःचे तीन नोकर असायचे, ती गोष्ट वेगळी. तुमच्याकडे नाही का, पत्राच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक' लिहून खाली सही करणारा माणूस जन्मात कुणाची आज्ञा पाळत नाही? तसंच ते. रोज वापरून साबणाची वडी झिजते तसे माझे वडील झिजले. आधी पुढचा स गेला, मग मधला व विरघळला. जे उरलं ते मी.

मग मी गावाबाहेर पडलो. कुणी शिपाई मला घेऊन गेला, कुणी पोटासाठी देश सोडून निघालेला गवंडी. मी जर्मनांकडे राहिलो, हंगेरीत राहिलो, लाटव्हियाच्या थंडीत राहिलो, जहाजात बसून ब्राझीलला गेलो. बहुतेक ठिकाणी मला फक्त निघताना वापरतात. माझ्या घरी मात्र येतानाही मीच आणि जातानाही मीच. आणि गंमत म्हणजे मी प्रागला पोहोचलो, ल्युब्लियानाला पोहोचलो, बेलग्रेडलाही. म्हणजे त्याच स्लाव्ह लोकांच्या दारात. आज ती मंडळी एकमेकांचा निरोप घेताना हसत हसत माझं नाव घेतात. त्यांनी मला ओळखलं नाही. मीही ओळख काढली नाही.

इतकं फिरल्यावर मला फारसं काही लागत नाही. कुणी प्रेमानं म्हटलं तरी तेच, कुणी फोन ठेवण्याच्या घाईत चार-चार वेळा फेकलं तरी तेच. मी तटस्थ असतो. पण माझ्या बाबतीत माणसं एक गोष्ट करतात, ती सांगायला म्हणून आज बसलो आहे. ती मला काढून घेतात.

माझ्या मुलखात ही जुनी रीत आहे. तुमच्याकडे अबोला धरतात. इथे नमस्कार काढून घेतात. भांडण नाही, शिव्या नाहीत, पंच नाहीत. कालपर्यंत ज्याला चाओ म्हणत होता, त्याला आजपासून म्हणायचं नाही, एवढंच. तो समोरून आला की भिंतीकडे बघायचं. ज्यानं काढून घेतला त्यानंच तो परत द्यायचा. दुसऱ्यानं मागायचा नसतो, आणि का काढला हे विचारायचं तर मुळीच नसतं.

व्हेनिसच्या खाडीच्या टोकाला पेलेस्त्रीना नावाचं बेट आहे. सुतळीसारखं लांबच लांब. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दगडी बांध आणि बांधापलीकडे समुद्र. मधे घरांची एक ओळ, कुठे कुठे दोन. आडनावं सगळी मिळून चार-पाच, त्यामुळे प्रत्येक घराण्याला टोपणनाव लागतं, नाहीतर पोस्टमन वेडा होईल. इथे कुणाला चुकवायचं म्हटलं तरी चुकवता येत नाही. दुकान एकाच दिशेला, चर्च एकाच दिशेला, आणि बेट सोडायचं तर कबरस्तानाशेजारच्या धक्क्यावरूनच सोडायचं.

या बेटावर आर्मिदा राहते. तिच्या घराण्याचं टोपणनाव 'खारवलेले'. का, ते आता कुणालाच सांगता येत नाही, पण आर्मिदाला पाहिलं की विचारावंसंही वाटत नाही. तिच्या भिंतीला भिंत लावून नीवेसचं घर. आर्मिदा दोन वर्षांनी मोठी. दोघी एकाच बाईकडे लेस विणायला शिकल्या. मांडीवर गोल उशी, उशीवर टाचण्यांचं रान आणि बोटांत लाकडी नळ्या. लग्नं झाली, नवरे मासे धरायला जाऊ लागले, पोरं झाली, आणि या दोघी दुपारी दारात बुटक्या खुर्च्या टाकून शेजारी शेजारी विणत राहिल्या. मोठं काम आलं तर एकीनं या टोकाकडून सुरू करायचं, दुसरीनं त्या टोकाकडून. मधे जिथे सांधा यायचा तिथे कुणाचं कुठे संपलं हे दोघींनाही सांगता यायचं नाही.

सकाळी सातला खिडक्यांची झडपं उघडायची. आधी नीवेसची, मग आर्मिदाची.

"चाओ, आर्मिदा."

"चाओ, नीवेस. वारा फिरलाय बघ."

"गुडघ्यानं मला रात्रीच सांगितलं."

अशी चाळीस वर्षं गेली. त्यात मला कुणी विशेष मान दिला असं नाही. पण जे रोज लागतं त्याला कोण मान देतं?

इथे माझ्याबद्दलचा एक नियम सांगायला हवा. मी अरे-तुरेतला आहे. ज्याला अहो-जाहो करतात त्याला मी चालत नाही. डॉक्टर, नोटरी, मुलीच्या सासरची माणसं यांच्यासाठी वेगळा, इस्त्री केलेला नमस्कार असतो. परक्याला मी दिलात तर उद्धटपणा होतो. आणि आपल्या माणसाला तो इस्त्रीचा नमस्कार दिलात, तर त्याहून वाईट होतं.

अकरा वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी नेमकं तेच झालं. आर्मिदा पाण्यापलीकडच्या किओजा गावाच्या बाजारातून परतत होती. हातातल्या पिशवीत भोपळ्याची फाक आणि वळवळणारी वाम. डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट. बोटीवर चढते तो समोर नीवेस बसलेली. सोबत मुलगा रुज्जेरो आणि चार परकी माणसं, सगळी परीटघडीची. रुज्जेरोच्या होणाऱ्या बायकोकडची मंडळी पादुआहून घर बघायला आली होती. आर्मिदानं डेकच्या या टोकावरून, पिशवी उंच धरून हाक दिली, "चाओ, नीवेस!"

नीवेसनं वर पाहिलं. आणि म्हणाली, "नमस्कार, बाईसाहेब."

आर्मिदाच्या हातातली पिशवी खाली आली. ती डेकच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पाण्याकडे तोंड करून बसली, ती धक्का येईपर्यंत. चाळीस वर्षं एका उजेडात डोळे फोडले, आणि आज शहरातल्या चार लोकांसमोर माझी लाज वाटली हिला, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. पण मी तिच्या तोंडात होतो, मला माहीत आहे, तिला रागापेक्षा रडू जास्त आलं होतं. राग तिनं नंतर घरी जाऊन आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला झडप उघडली.

"चाओ, आर्मिदा."

उत्तर नाही. आर्मिदानं झडप उघडली, हुकात अडकवली आणि आत गेली. दुपारपर्यंत बेटाच्या दोन्ही टोकांना कळलं की खारवलेल्यांच्या आर्मिदानं नीवेसचा नमस्कार काढून घेतला. दारातली खुर्चीही तिनं फिरवून ठेवली, पाठ नीवेसच्या दाराकडे येईल अशी.

रीत अशी की ज्याचा काढला गेला त्यानंही मग गप्प बसावं. नीवेस बसली नाही. ती रोज सकाळी सातला म्हणत राहिली, "चाओ, आर्मिदा." तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या महिन्यात, तिसऱ्या वर्षी. हिवाळ्यात पाणी चढून गल्लीत घोटाभर उभं राहायचं तेव्हाही. मी रोज सातला त्या दोन खिडक्यांमधल्या आठ फुटांत जन्मायचो आणि तिथेच संपायचो. शब्दाचं काम तो परत आला की पूर्ण होतं. मी चार हजार सकाळी अर्धवट राहिलो.

लोकांनी प्रयत्न केले. पाव विकणारी झीता जिभेची सैल.

"अहो आर्मिदा, मांजराला तरी हाक मारता की नाही तुम्ही?" ती एकदा भर दुकानात म्हणाली.

"मारते," आर्मिदा म्हणाली. "मांजर मला बाईसाहेब म्हणत नाही."

आर्मिदाचा नवरा गास्तोने गेला त्या वर्षी नीवेसनं माशाच्या सुपाचं पातेलं तिच्या पायरीवर आणून ठेवलं. आर्मिदानं सूप प्यायलं. चांगलं होतं, तिनं पातेलं पावानं पुसून घेतलं होतं. मग ते घासून, लख्ख करून नीवेसच्या पायरीवर ठेवलं, एक अक्षर न बोलता.

पण एक गोष्ट बेटावर कुणालाच ठाऊक नव्हती. आर्मिदा पावणेसातलाच उठून बसायची. झडपेच्या आड, अंधारात, गार कॉफीचा पेला हातात धरून. सातचा आवाज आला की तिच्या खांद्यांतला ताठरपणा उतरायचा. मग ती तोंड वाकडं करून झडप उघडायची. सर्दीबिर्दीनं नीवेसला उशीर झाला तर इकडे भांडी आपटली जायची. विचारलं असतं तर तिनं शपथेवर नाही म्हटलं असतं.

मग तो सोमवार आला. सातला नीवेसची झडप उघडली. आणि काहीच नाही. झडप हुकात बसल्याचा आवाज आला, पावलं आत गेली.

"बरं झालं," आर्मिदा मांजराला म्हणाली. "थकली शेवटी."

जिंकल्यासारखं तिला वाटायला हवं होतं. तिनं पाव कॉफीत बुडवला आणि तो तसाच पेल्यात विरघळू दिला. मंगळवारीही तसंच. मंगळवारी तिनं दोनदा झडप उघडून बंद केली, कडी नीट बसत नाही म्हणून. कडी उत्तम होती.

बुधवारी झीताच्या दुकानात तिला कळलं.

"तुम्हाला माहीत नाही?" झीतानं पाव कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं. "नीवेस उद्या चालली. मेस्त्रेला, रुज्जेरोकडे. जिना चढवत नाही आता तिला. घर पादुआच्या कुणालातरी दिलंय, उन्हाळ्यापुरते येतील म्हणे. सामान सोमवारीच गेलं की, मागच्या बाजूनं, होडीतून."

"जाऊ दे," आर्मिदा म्हणाली. "मला काय करायचंय?"

"साडेनऊची बोट आहे."

"मी विचारलं का?"

आणि पाव तिथेच काउंटरवर विसरून ती घरी आली.

त्या संध्याकाळी मी तिच्या तोंडात चार वेळा आलो. शब्दाला तोंडाचा आतला भाग चांगला ठाऊक असतो. पहिल्या वेळी मी घशाशीच अडलो. दुसऱ्या वेळी जिभेवर आलो, तेव्हा ती दाराशी उभी होती आणि पलीकडे नीवेस झाडांना पाणी घालत होती. तिसऱ्या वेळी दातांपर्यंत. चौथ्या वेळी तिनं कडीला हात घातला, आणि मनाशी म्हणाली, आता म्हटलं तर ती म्हणेल, निघाले तेव्हा बाईला सुचलं. अकरा वर्षं गेली ती काय उगाच होती, असं होईल. तिनं कडीवरचा हात काढला. मी गिळला गेलो.

मित्रांनो, माझ्या घराण्याचा अर्थ गुलाम असा आहे हे मी सांगितलंच. 'मी तुझ्या हुकमात आहे' असं म्हणायची ज्याची तयारी, त्यानं मला उच्चारावं, अशी मूळची अट. ती अट लोक केव्हाच विसरले. आर्मिदाही विसरलीच होती. तरीही मान जराशी वाकवावी लागते हे तिच्या मानेला कुठून कळलं, देव जाणे.

गुरुवारी नऊला शेजारचा कुणीतरी हातगाडी घेऊन आला. दोन पिशव्या आणि एक लेसची उशी, एवढंच उरलं होतं. नीवेसनं दाराला कुलूप लावलं. मग ती आर्मिदाच्या दारासमोर उभी राहिली. दाराच्या आत, अर्ध्या हातावर, आर्मिदा उभी होती. दोघींच्या मधे दोन बोटं जाडीची फळी. नीवेसनं तोंड उघडलं हे मला माहीत आहे, कारण मी त्या तोंडातही होतो. पण ती काही बोलली नाही. हातगाडीची चाकं वाजत दूर गेली.

आर्मिदानं मनात शंभरपर्यंत मोजायचं ठरवलं. बारापर्यंत पोहोचली, आणि दार उघडून पळत सुटली. पंचाहत्तर वर्षांची बाई, अंगात स्वयंपाकाचा एप्रन, पायात घरातल्या मऊ चपला. वाटेत दोघातिघांनी चाओ म्हटलं, ती कुणालाच उत्तर न देता गेली, तेव्हा बेटाला वाटलं की आता हिनं सगळ्यांचाच काढून घेतला.

धक्क्यावर वितो बोटीचा दोर सोडत होता.

"अहो आर्मिदाबाई, घरातल्या चपला घालून कुठे?"

"किओजाला."

"काय काम काढलंत?"

"चपला माझ्या आहेत, तुझ्या नाहीत. तू दोर सोड."

बोट सुटली. नीवेस खालच्या बाजूला खिडकीशी बसली होती, पिशव्या पायांत आणि उशी मांडीवर. आर्मिदा तिच्या समोरच्या बाकावर जाऊन बसली. धाप लागली होती म्हणून, की बोलवत नव्हतं म्हणून, पण ती कबरस्तानाची भिंत मागे पडेपर्यंत गप्प होती. बांध संपला तिथे मोकळा समुद्र लागतो आणि बोट जराशी हलते. तिथे ती बोलली.

"चाओ, नीवेस."

मी अकरा वर्षं त्या घशात पडून होतो. आवाज करकरला. नीवेसनं चष्मा काढला, पदर नव्हता म्हणून कोटाच्या बाहीला पुसला, परत घातला. उत्तर दिलं नाही. आर्मिदाचं तोंड उतरलं.

"सोमवारी का थांबलीस?" आर्मिदानं विचारलं. "अकरा वर्षं नाही थांबलीस. सोमवारी काय झालं?"

"सोमवारी सामान गेलं," नीवेस म्हणाली. "सामान गेल्यावर जे म्हणायचं, ते शेवटचं म्हणणं झालं असतं. झडप उघडली आणि तोंडच उघडेना. आज तुझ्या दारातही तसंच झालं."

"मला वाटलं, थकलीस."

"थकले होतेच. पण म्हणून कोण थांबतं?"

मग आर्मिदानं ते विचारलं, जे रीतीप्रमाणे कधीच विचारायचं नसतं.

"मला बाईसाहेब का म्हणालीस तेव्हा?"

"अगं, त्या दिवशी सकाळपासून मी तेवढंच म्हणत होते!" नीवेसचा आवाज एकदम चढला, दोन बाकांपलीकडचा माणूस वळून बघायला लागला. "रुज्जेरोनं आदल्या दिवशी बसवून शिकवलं होतं. हिला बाईसाहेब, तिला बाईसाहेब, ते नोटरी आहेत त्यांना अमुक. मी बेकरीवालीला म्हटलं, बोटीवरच्या पोराला साहेब म्हटलं. तू समोर आलीस आणि तोंडातून तेच बाहेर पडलं. तुझा चेहरा बघितला आणि मला समजलं. संध्याकाळी तुझ्या दारात आले होते मी. तू दार लोटलंस."

"मी मासे तळत होते."

"तळत बिळत नव्हतीस. वास नव्हता."

आर्मिदानं खाली, आपल्या चपलांकडे पाहिलं. एका चपलेला चिखल लागला होता. "नव्हते तळत," ती म्हणाली. "वाम मी समुद्रात सोडून दिली होती त्या दिवशी. माझ्याच्यानं खाववली नसती. नीवेस, मी फार वाईट वागले गं तुझ्याशी."

"वागलीसच," नीवेस म्हणाली. "गास्तोने गेला तेव्हा तर फारच." आणि मग, मित्रांनो, तिनं उत्तर दिलं. "चाओ, आर्मिदा."

मी पूर्ण झालो. किओजा यायला अजून बारा मिनिटं होती. त्या बारा मिनिटांत दोघींनी अकरा वर्षांतली लग्नं, बाळंतपणं, मयतं, आणि झीताच्या पावाचा आकार कसकसा लहान होत गेला, हे सगळं उरकलं. एकमेकींचं वाक्य तोडत, कुणाचं कुठे संपलं हे कळू न देता.

किओजाच्या धक्क्यावर रुज्जेरो मोटार घेऊन उभा होता. त्याचे केस आता पांढरे झाले आहेत.

"आर्मिदामावशी! तुम्ही?"

"तुझी आई जड झालीय. एकटीला उतरवलं नसतं." आर्मिदानं त्याच्या हातात पिशवी दिली. मग नीवेसला म्हणाली, "तिकडे फोन आहे ना?"

"आहे की. उद्या सातला करते."

"सातलाच कर. आठला मी बाहेर असते."

रुज्जेरोनं खिशातल्या कागदावर नंबर लिहून दिला. मोटार गेली. वितोनं परतीचं तिकीट काही मागितलं नाही, आणि आर्मिदानंही काढलं नाही.

शुक्रवारी ती साडेसहालाच फोनसमोर खुर्ची ओढून बसली. शेजारची झडप उघडणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं, तरी कान तिकडेच होता. सात वाजले. फोन वाजला नाही. सात वाजून एक मिनिट. दोन. तीन.

आणि तिचं तोंड पूर्वीसारखं मिटायला लागलं. मी आतून पाहत होतो. गेली शहरात, एका रात्रीत झाली बाईसाहेब. काल बोटीवर बोलली ते आपलं निघताना चार लोक बघत होते म्हणून. करते म्हणालेली तीच, मी कशाला करू? खांदे ताठ झाले. आणखी एक मिनिट गेलं. मग तिनं कागद उचलला, चष्म्याजवळ धरला आणि एकेक आकडा फिरवला.

फोन लागला नाही. पलीकडे कुणीतरी बोलत होतं.

सकाळी सातला! मला करते म्हणाली होती, आणि बोलत बसलीय दुसऱ्याच कुणाशी तरी. आर्मिदानं फोन ठेवला. हात त्याच्यावर तसाच राहिला. मी नेहमी तटस्थ असतो असं मघाशी म्हणालो. त्या मिनिटाला नव्हतो. मला माहीत होतं की बाई आता उठल्या तर पुन्हा दहा-अकरा वर्षं जातील, आणि या दोघींकडे आता तेवढी नाहीत.

ती उठली. मांजराच्या वाटीत दूध घातलं. उभ्या उभ्याच परत वळली, आणि नंबर पुन्हा फिरवला.

एक घंटी पुरती वाजायच्या आत पलीकडून फोन उचलला गेला. दोघी एकाच वेळी बोलल्या, त्यामुळे मी दोन तोंडांतून एकदम निघालो आणि खाडीवर कुठेतरी स्वतःलाच आपटलो.

"कुणाशी बोलत होतीस गं सात वाजता?" आर्मिदानं विचारलं. आवाज अजून तिखट होता.

"कुणाशी काय, तुलाच लावत होते, बये! चष्मा सापडेना म्हणून चार मिनिटं उशीर झाला, आणि लावते तर तुझाच लागत नव्हता."

आर्मिदा खुर्चीत बसली. तिला जे रडू त्या शनिवारी बोटीवर आलं होतं आणि जे तिनं रागाखाली दाबून ठेवलं होतं, ते आता आलं. नीवेस पलीकडून "काय गं? काय झालं?" विचारत राहिली, आणि हिला सांगता येईना.

मित्रांनो, मला जपायला कपाट लागत नाही, तेलपाणी लागत नाही. वापरून मी झिजलो, हे खरं, पण झिजूनच चांगला झालो. न वापरता ठेवलात की मात्र घशात गंजतो. तुमच्या घरी मी राहत नाही. तिथे माझं काम दुसरंच कुणी करत असेल, एखादं 'काय गं', 'आलास का', 'येते हं'. ते तुम्ही कुणाकडून काढून घेतलं असेल, तर विचारा त्याला, तसं का म्हणालास. आणि आधी कोणी बोलायचं यावर बसून राहू नका. आजच बोला. पहिल्यांदा लागलं नाही, तर पुन्हा लावा.